पाच मंगळवार

मंगळवारी आमच्या गावाला आवाज नसे. इतर दिवशी आवाज पहाटेपासून असत. दुधाच्या किटल्या सायकलींना अडकवून बेळगावला निघालेल्या लोकांची खडखड, गिरणीचा पट्टा, शेजारच्या अंगणातलं कांडण, आणि बैल सोडताना आप्पा, म्हणजे माझे वडील, घालत ती एक ठरावीक शीळ. पण भाताचे कोंब बोटभर वर आले की गावचे पंच मारुतीच्या देवळात बसून वार धरत, आणि पुढचे पाच मंगळवार हे सगळं बंद होई. वार पाळण्याचे नियम साधे होते. शिवारात पाऊल टाकायचं नाही. बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, खुरपं-कोयता हातात घ्यायचा नाही, कांडप-दळप नाही, धुणं नाही, चुलीवर तवा नाही. त्या दिवशी गावदेवी शिवारातून फिरते आणि तिच्या वाटेत माणूस किंवा जनावर येऊ नये, असं सांगत. वार मोडला तर ती कोपते आणि जनावर घेते, असंही सांगत.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या शिवाराला लागून. तिकडे भात पेरतात, त्यामुळे भाताबरोबर तणही वर येतं, आणि पेरणीनंतरचा दीड-दोन महिन्यांचा काळ हा तणाशी झटण्याचा असतो. पुरुष बैलांना कोळप जुंपून ओळींमधली माती हलवतात. ओळीच्या आतलं तण बायका बसून खुरप्याने काढतात. त्याला भांगलण म्हणतात. पाच मंगळवार नेमके याच काळात येत. आप्पांना ते जड जात. ते कट्ट्यावर बसून दोर वळत, वळलेला दोर उकलत, आणि शिवाराच्या बाजूला बघत. बैल मात्र दुपारपर्यंत गोठ्यात आडवे पडलेले असत. कामाच्या दिवसांत ते दिवसाउजेडी असे पडलेले मी पाहिले नाहीत.

मंगळवारची माझी मुख्य आठवण शिळ्या भाकरीची आहे. तवा चढवायचा नसल्याने आई सोमवारी संध्याकाळीच जोंधळ्याच्या भाकऱ्यांची चळत करून फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवी. सकाळी त्या कडक झालेल्या असत. त्यांवर घट्ट दही, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. शिळी भाकरी दह्यात जरा भिजली की तिला जी आंबटसर चव येते ती ताज्या भाकरीला नसते. मडक्यात काही शिजवायला हरकत नसे, म्हणून दुपारी भात आणि आमटी होई. पण ते माझी धाकटी बहीण शांता करी, कारण दुपारी आई घरात नसे. सकाळची न्याहारी झाली की ती हिरव्या काठाचं लुगडं नेसून, चार भाकऱ्या, खर्डा आणि नाचण्याच्या आंबिलाचा तांब्या फडक्यात बांधून बसथांब्यावर जाई. आमच्या गावाहून बेळगाव आणि बेळगावहून दुसऱ्या बसने कंग्राळी. तिथे तिची मोठी बहीण दिली होती. आई तिला आक्का म्हणे; आमची ती मावशी. ती विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळून होती. आई संध्याकाळच्या बसने परत येई. हे मला माहीत होतं. पण या माहितीचा वार पाळण्याशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही, आणि ते का आलं नाही हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे.

मी बेळगावच्या एका कॉलेजात अकरावीला गेलो तेव्हा कला शाखेत एक विषय निवडायचा राहिला होता. जागा तर्कशास्त्रात शिल्लक होत्या, म्हणून मी तर्कशास्त्र घेतलं. शिकवायला हिरेमठ सर होते. धारवाडकडचे, घरी कानडी बोलणारे, खासबागेत भाड्याने राहत. इंग्रजीत शिकवत आणि आमच्यासाठी सावकाश, जपून मराठीत सांगत. कुणी काहीही विधान केलं की त्यांच्या तोंडून आधी कानडीतलं ‘याके?’ येई. म्हणजे का? मुलं त्यांना याके सर म्हणत. पहिल्याच आठवड्यात मी तासाला उशिरा पोचलो. सरांनी मला दारातच उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, “बस चुकली की मुलगा उशिरा येतो. हा उशिरा आला. मग काय ठरलं?”

“त्याची बस चुकली,” वर्ग म्हणाला.

“याके?” सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “चुकली काय?”

“नाही सर.”

“मग?”

“गोवावेसला भजी खात थांबलतो.”

वर्ग हसला. सरही हसले. मग फळ्याकडे वळून त्यांनी दोन विधानं आणि एक निष्कर्ष लिहिला, आणि वर्गाच्या पायाखालची फळी नेमकी कुठे निसटली ते दाखवलं. मी माझ्या जागी जाऊन बसलो तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की बोलण्यालाही सांधे असतात, आणि ते हाताने चाचपता येतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला याचं जे व्हायचं ते झालं. मी घरी, वाटेवर, बसमध्ये लोकांची वाक्यं चाचपू लागलो. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हा सरांचा धडा मला सगळ्यांत आवडला. तो कुठेही लागू पडत असे. शांता लवकरच माझ्या वरचढ झाली. एकदा दुधाचं भांडं कलंडलं तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “अण्णा, मांजर दूध सांडतंय. दूध सांडलंय. मग मांजरच आलतं, का तू?” मीच होतो.

आप्पा विचारायचे, “त्या तर्कशास्त्राची नोकरी कुठं मिळती रं?” मी म्हणे, “नोकरीसाठी नसतंय ते आप्पा.” ते नुसती मान हलवत. पण पोरगं काहीतरी भारी शिकतंय अशी त्यांची समजूत होती, आणि ती मी मोडली नाही.

त्या वर्षी पेरणी लांबली. भाताच्या आधी तण वर आलं आणि वार धरायची वेळ झाली तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की यंदा पाचाचे तीन मंगळवार करता येतील का. मी एक शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले. कुणी वार मोडला, कोणतं काम केलं, पुढे काय झालं. मग घरोघर जाऊन विचारायला लागलो. लोक आधी नाही म्हणत, मग चहा येई, मग आवाज खाली जाई, आणि मग कळे की एकाने मंगळवारी चोरून बांध घातला होता, दुसऱ्याने पाणी वळवलं होतं, तिसऱ्याने अंधार असताना जाऊन वैरण कापून आणली होती. बहुतेकांच्या तिसऱ्या रकान्यात मी ‘काही नाही’ असं लिहिलं. परशराम काका पंचांत होते आणि त्यांचा वारावर जीव होता. त्यांच्या ओसरीवरचं बोलणं वहीत शब्दशः आहे.

“माझ्या चुलत्यानं वार मोडला. आठ दिसांत बैल बसला तो उठलाच न्हाय.”

“बैल केवढा हुता काका?”

“म्हातारा हुता.”

“मग म्हातारपणानंच मेला असंल.”

“आनि दोन वर्सं ओढला असता.”

“हे कशावरनं?”

“लई इचारतोस रं तू. देवीच्या देवळात जा आनि तिलाच इचार.”

ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढे मी पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम केलं. कुणी असं सर्वेक्षण माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. कारण साधं आहे. वहीतली झाडून सगळी नावं पुरुषांची आहेत. घरातलं काम कुणी केलं आणि कुणी मोडलं हे कर्त्याला विचारायचं, असं मी धरून चाललो होतो. मी ओसरीवर बसलेलो असताना आत चहा करणाऱ्या बाईला मी एकाही घरात काही विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या घरातही नाही. आणि चौथा रकाना, मंगळवारी कोण काय करतं, हा मी आखलाच नव्हता. मला फक्त देवी कोपते की नाही हे शोधायचं होतं.

बैठक रविवारी सकाळी देवळात झाली. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर भिंतीच्या कडेला उभ्या. मला बोलायची परवानगी आप्पांनीच मागितली. मी वही उघडून नावं न घेता वाचलं. वार मोडून काही न झालेली घरं सांगितली, वार पाळूनही जनावर गेलेली घरं सांगितली. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं नव्हे, हे बैलाच्या उदाहरणाने समजावलं. कारण खोटं आहे, तेव्हा वार पाळायचं कारण उरत नाही, असं म्हणून मी बसलो. मागून एकजण म्हणाला, “पोरगं वकील व्हतंय बघा,” आणि हशा झाला.

आप्पा उठले. गावात चारचौघांत ते क्वचित बोलत. “माझं पोरगं बरोबर बोलतंय,” ते म्हणाले. “तण उरावर आलंय. परवाच्या मंगळवारी मी कोळप धरणार.”

“धर बाबा,” परशराम काका म्हणाले. “आमी काय तुझा हात धरणार न्हाय. ज्याचा त्यानं इचार करावा.”

एवढाच निर्णय झाला. वार रद्द झाला नाही, पण ज्याचं त्याच्यावर सोडला गेला. मी बाहेर आलो तेव्हा आईला शोधलं. माझं भाषण तिने ऐकलं का, हे मला विचारायचं होतं. ती निघून गेली होती. भात टाकायचा असेल, असं मला वाटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, शांताने सांगितलेलं आहे. कारण पहिले चारही मंगळवार मी सकाळच्या बसने कॉलेजला गेलो. मंगळवारी मोलाने भांगलायला येणाऱ्या बायका आल्या नाहीत. देवीच्या वाटेत जायला त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे इतर दिवशी सहा-सात जणी मिळून जे काम करत ते मंगळवारी आई आणि शांता दोघींवर आलं. आप्पा पुढे कोळप धरीत, मागे या दोघी बसून सरकत. सबंध शिवारात आमचेच बैल तेवढे उभे दिसत. दुपारी शांताने बांधावर पाठ टेकली तर आप्पा म्हणाले, “उठा, उठा, आबाळ दाटतंय.” ते रागाने बोलले नव्हते, असं शांता आजही सांगते. आकाश खरोखरच दाटलं होतं. सोमवारी संध्याकाळी भाकऱ्यांची चळत करायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे मंगळवारी ती पहाटे उठून ताज्या भाकऱ्या थापी. मला त्या आवडल्या. तसं मी तिला म्हटल्याचंही मला आठवतं.

दुसऱ्या मंगळवारनंतर मी हिरेमठ सरांना हे सगळं सांगायला त्यांच्या खोलीत गेलो. वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, एक-दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

“देवीमुळे बैल मरतो, हे तू खोडलं. बरोबर,” ते म्हणाले. “वार पाळू नये, हे कुठे सिद्ध केलं?”

“कारणच खोटं आहे ना सर.”

“कारण खोटं असलं तर निष्कर्ष खोटाच असतो काय? याके?” आणि मग काहीशा वेगळ्या आवाजात, “तुझी आई मंगळवारी आता काय करते?”

“शेतात जाते.”

“आधी काय करत होती?”

मी “कंग्राळीला जायची” असं म्हणालो. ते म्हणताना मला त्या वाक्यात काहीतरी जड लागलं, पण काय ते कळलं नाही. सरांनी वही परत दिली. ते अधिक बोलले असते तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही. जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं होतं. मी खोलीबाहेर पडलो तो सरांना खेड्याची माहिती नाही असा निष्कर्ष काढून.

तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी मावशीचा मुलगा बाजाराला आलेला असताना आमच्याकडे वाकडी वाट करून आला. मी नुकताच कॉलेजहून परतलो होतो. आई हातपाय धूत होती. तो उंबऱ्यावर बसूनच म्हणाला, “मावशी, आई इचारायलीया. दोन मंगळवार झाले, आज तिसरा. आजारी हाईस का म्हणून?”

आईने आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, “आजारी न्हाय रं. तणानं जीव काढलाय. आनि खालची पट्टी तेवढी ऱ्हायलीया. ती झाली की धाडतो तिला, दोन दिस ऱ्हाऊ दे म्हणावं.”

“येत्ये म्हणून सांग,” आई म्हणाली. “आंबील आणत्ये म्हणून सांग.”

दुसऱ्या एखाद्या दिवशी ती का गेली नाही, असं आजचा वाचक विचारील. मीही तेव्हा विचारलं असतं, सुचलं असतं तर. आमच्या गल्लीत कामाच्या दिवशी बाई लुगडं बदलून बसथांब्यावर दिसली तर तीन ठिकाणी तिला कारण सांगावं लागे आणि चौथ्या ठिकाणी ते चुकीचं ठरे. धुणं असे, दळप असे, गडी-माणसांची भाकरी असे, शेतात तिची ओळ रिकामी राही. मंगळवारी यातलं काहीच नसे. मंगळवारी तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. सगळ्या गावातल्या बायका त्या दिवशी कुठे ना कुठे गेलेल्या असत. कुणी लेकीकडे, कुणी माहेरी, कुणी नुसतीच शेजारणीच्या पडवीत पाय पसरून.

चौथा मंगळवारही शेतात गेला. त्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी कंग्राळीहून निरोप आला की मावशी गेली.

आम्ही सगळे गेलो. आप्पा भरलेल्या बसमध्ये सबंध वाट दांडी धरून उभे होते. मावशीला बाहेर आणून ठेवलं होतं. आई तिच्याजवळ बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. केस नीट विंचरलेले, तेल लावलेले होते. मावशीची सून आईच्या शेजारी होती. तिने जे सांगितलं ते आईला उद्देशून होतं, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. “मंगळवार आला की सकाळीच म्हणायच्या, केस विंचर गं, धाकटी यायलीया. तसंच बसवून ठेवायला लावायच्या, दाराकडं त्वांड करून. संध्याकाळची बस गेली की म्हणायच्या, निजव मला.” मग ती थांबली आणि विचारलं, “तुमच्याकडं वार मोडला व्हय, मावशी?”

“व्हय,” आई म्हणाली. कुणी मोडला, हे तिने सांगितलं नाही.

आई तिसऱ्या दिवसाचं उरकून सोमवारी परत आली. दुसऱ्या दिवशी पाचवा मंगळवार होता. संध्याकाळी आप्पा खुरप्यांना धार लावत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“उद्या आई शेतात जाणार न्हाय.”

त्यांनी मान वर केली. “का?”

“तिला सुट्टी पायजे.”

“कसली सुट्टी?”

“माणसाला आठवड्यातनं एक दिस इसावा लागतोय. बैलालाबी लागतोय.”

“मला कवा लागला?” ते म्हणाले. “खालची पट्टी ऱ्हायलीया. तण थांबतंय व्हय आमच्या सुट्टीसाठी?” मग धारेचा दगड खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. “मंगळवारी मला लई वाटायचं शेतात जावं. पाय उचलायचा, पर धजत नव्हतं. तूच देवळात उभा ऱ्हाऊन सांगितलंस, काय न्हाय म्हणून. आता मी कशानं थांबू, सांग?”

माझ्यापाशी तीन-चार कारणं होती. सगळी खरी होती, आणि त्यांतल्या एकानेही आप्पांचा पाय अडला नसता. ते परत धार लावू लागले.

गावातलं पुढचं थोडक्यात सांगता येतं. पुढच्या वर्षी आणखी काही घरांनी वार मोडला. त्यांनाही काही झालं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहींनी. माझ्या वहीतला निष्कर्ष दरवर्षी नव्याने खरा ठरत गेला. मोलाच्या बायकाही हळूहळू मंगळवारी येऊ लागल्या. आता पंच पहिला आणि शेवटचा मंगळवार तेवढा धरतात, आणि त्या दिवशी देवळात महाप्रसाद असतो. त्याचा स्वयंपाक बायका करतात.

पाचव्या मंगळवारी मी कॉलेजला गेलो नाही. आईच्या शेजारची ओळ धरून भांगलायला बसलो. मला ते नीट येत नव्हतं. तणाबरोबर भाताची रोपंही उपटली जात होती. आई दर थोड्या वेळाने माझ्या ओळीतलं उपटलेलं रोप उचलून परत मातीत खोवत होती. शांता पुढे गेली होती, आप्पा बैल घेऊन पलीकडच्या पट्टीत होते. मी खूप वेळ वाक्य जुळवत होतो, आणि शेवटी जे बोललो ते असं होतं की, “आई, देवी कोपत न्हाय एवढंच मला म्हणायचं हुतं.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. खुरपं थांबलं नाही.

“काय ठावं हाय?”

“कोपत न्हाय ते. तुझ्या जलमाच्या आदी एकदा तुझ्या आप्पास्नी ताप आलता. अंथरुणातनं उठत नव्हते. मंगळवार हुता. खालच्या पट्टीत पानी तुंबलं, सगळं कुजलं असतं. मी पोत्याची खोळ घेतली आनि एकटी येऊन बांध फोडून गेल्ये. दुसऱ्या मंगळवारीबी आल्ये. काय झालं न्हाय. त्या साली भात लई पिकलं. बैलबी चांगले हुते.”

हे माझ्या वहीत यायला हवं होतं. सगळ्या नोंदींत हीच सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भक्कम नोंद ठरली असती. मी तिला म्हटलं, “मग कुणाला बोलली का न्हाईस? आप्पास्नी तरी?”

तिने पहिल्यांदा खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काहीतरी अगदीच पोरकट विचारलं असावं, तसं ती बघत होती.

“बोलल्ये असत्ये तर मंगळवार ऱ्हायला असता व्हय रं?”

तिने पुन्हा खुरपं उचललं, हाताच्या मागच्या बाजूने माझा गुडघा जरा ढकलला आणि म्हणाली, “सरक तिकडं. रोपावर बसलायस.”